"आमच्या घरात तसं वळणच नव्हतं" म्हटलं की माहिती न ठेवणं माफ होतं का?

शिवारातली (बेळगाव तालुका)

जमिनीवरून घरात वाद झाला, त्यातून हा धागा काढतेय. पण मला विचारायचंय ते जमिनीपुरतं नाही. ज्याला शिक्षण मिळालं, पगार बरा आहे, हातात चांगला फोन आहे, अशा माणसानं "आम्हाला या गोष्टी घरात कुणी शिकवल्या नाहीत" असं म्हणून आजूबाजूला काय चाललंय त्याकडं पाठ फिरवली, तर ते चालवून घ्यायचं का?

प्रसंग थोडक्यात सांगते. आमच्या शिवारातून राष्ट्रीय महामार्गाचा रस्ता काढलाय. जमीन सामायिक, उताऱ्यावर भावकीतली बरीच नावं. त्यातला माझा एक चुलत दीर पुण्यात चांगल्या नोकरीत आहे. महामार्गासाठी जमीन घेताना १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा लागतो. त्यात कलम ३ए ची अधिसूचना (जमीन घ्यायचा सरकारचा इरादा) निघाली की हरकत द्यायला २१ दिवस मिळतात. पेपरात आलेल्या जाहिरातीचा फोटो मी आमच्या सर्व्हे नंबरावर लाल गोल करून भावकीच्या ग्रुपवर टाकला, खाली मराठीत चार ओळी लिहिल्या. दिरानं काही केलं नाही. आता मोबदल्याची बोलणी निघाल्यावर म्हणतात, "वहिनी, मला यातलं कळत नाही. बाबांनी आम्हाला कधी कोर्टकचेरीत, राजकारणात पडू दिलं नाही. अभ्यास करा, एवढंच शिकवलं. तुम्ही गावात असता, तुम्ही नीट समजावायला हवं होतं."

आमच्या बांधाला बांध लागून एका आजींचं रान आहे. त्यांना ना मराठी वाचता येतं ना कन्नड. अंगठा देतात. त्यांनी पंचायतीत विचारलं, तलाठ्याला विचारलं, मी शिक्षिका, म्हणून शाळेत माझ्याकडं आल्या, आणि मुदतीच्या आत हरकत दिली. हरकत फेटाळली गेली, हेही सांगते. रस्ता त्यांच्याही रानातून जाणारच आहे. पण विहीर, आंब्याची झाडं, भातानंतर दरवर्षी पेरला जाणारा मसूर हे सगळं त्यांनी मोजणीच्या वेळी उभं राहून लिहून घ्यायला लावलं. आमच्या तुकड्यात बोअरवेल आहे, ती कागदावर आलीच नाही.

दिरांचं म्हणणं, "आजींनी धावपळ करून काय मिळवलं? जमीन गेलीच ना?" यावर मला राग आला, अजून गेलेला नाही. पण माझ्या रागापलीकडं जाऊन तुम्हा लोकांना काय वाटतं ते ऐकायचंय. सुखात वाढलेल्या माणसाला माहिती न ठेवण्याची मुभा असते का?

दूरचा_बेळगावकर (पुणे)

ताई, मी तुमच्या दिरांच्याच वयाचा असेन आणि त्यांच्यासारखाच बाहेर पडलेला. त्यांच्या बाजूनं थोडं बोलतो.

"अभ्यास करा, राजकारणात पडू नका" हे वळण बेळगावातल्या कितीतरी घरांत लागलं, ते सुखासीनपणातून लागलेलं नव्हतं. १९८६ साली कन्नडसक्तीच्या विरोधात आंदोलन झालं, १ जूनला गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याला हुतात्मा स्मारक आहे, दरवर्षी लोक जमतात. पण त्या दिवसांत ज्या घरातला कुणी लाठी खाऊन आला किंवा खटल्यात अडकला, त्या घरात पुढं काय झालं ते कुणी बोलत नाही. आमच्याकडं माझ्या काकांवर केस होती. तारखा पडत राहिल्या, दुकान बसलं. तेव्हापासून आजोबांनी घरात पेपरवर चर्चा बंद केली. जेवताना कुणी सीमाप्रश्नाचं नाव काढलं तर ते ताटावरून उठायचे. आम्हा मुलांना एकच सांगणं, मार्क काढा आणि इथून बाहेर पडा.

अशा घरात वाढलेल्या पोराला सरकारी कागद दिसला की पोटात गोळा येतो. तो कागद वाचायचाच नाही, ही सवय लहानपणी लागलेली असते. तिला नुसतं बेफिकिरी म्हणणं मला पटत नाही. पगार चांगला आहे म्हणून ती भीती आपोआप जात नाही.

शिवाय माहिती ठेवायची म्हणजे किती ठेवायची? महामार्ग कायदा, पाणी, शाळा, बसचे मार्ग, दोन राज्यांचं राजकारण. नोकरी, मुलं, आईवडिलांचं दुखणंखुपणं सांभाळून माणूस कुठं कुठं पुरा पडणार?

निपाणीचा_मास्तर

दूरचे बेळगावकर, तुम्ही भीतीबद्दल लिहिलंत ते खरं आहे, आणि ते लिहिलंत हे बरं केलंत. पण मी निपाणीत राहतो. इथं भीती काय कमी होती का?

निपाणी म्हणजे तंबाखू. वखारीत तंबाखू झोडणाऱ्या, चाळणाऱ्या बायका आणि घरात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणाऱ्या बायका. आईच्या मांडीशी बसून पानं कातरायला शिकलेल्या पोरी. शाळा दुसरी-तिसरीपर्यंत, पुष्कळांची तेवढीही नाही. यांच्यापेक्षा कमी सवलत मिळालेलं बालपण मला तरी माहीत नाही. या बायकांनी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीला संघटना उभी केली. हजार बिडीला किती मजुरी बसते, छाट (खराब म्हणून बाद केलेल्या बिड्या) किती काढली तर ती लूट होते, १९६६ चा बिडी कामगार कायदा काय सांगतो, भविष्यनिर्वाह निधी कुणाला लागू, हे त्या तोंडपाठ सांगायच्या. वखारीच्या दारात मालकाच्या माणसाला कायद्याचं कलम सांगणारी बाई मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. तिला सही करता येत नव्हती.

१९८१ च्या तंबाखू आंदोलनात शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवून धरला होता. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. त्यानंतर या भागातल्या शेतकऱ्यानं भावाची माहिती ठेवायची सोडली का? उलट. तंबाखूचा दर, व्यापाऱ्याची कपात, सगळं तो जास्त डोळ्यांत तेल घालून बघायला लागला. कारण न बघण्याची चैन त्याला परवडत नव्हती.

आणखी मागं जायचं तर १९२५ साली बाबासाहेब निपाणीला आले होते, बहिष्कृत वर्गाच्या प्रांतिक परिषदेसाठी. त्या परिषदेला चालत आलेल्या माणसांना कुणी वळण लावलं होतं? ज्यांना पाटी-पुस्तक शिवू दिलं नव्हतं ती माणसं ऐकायला आली, ऐकलेलं गावी जाऊन सांगितलं.

तेव्हा माझं मत सरळ आहे. ज्याचं पोट माहितीवर अवलंबून आहे तो ती मिळवतोच. ज्याचं अवलंबून नाही त्याला ती नको असते. तुमच्या दिरांना बोअरवेल गेली तरी ईएमआय चुकत नाही, म्हणून त्यांना कळत नाही. यात वळणाचा संबंध थोडा.

दूरचा_बेळगावकर (पुणे)

मास्तर, पण मग याचा अर्थ असा होतो की जो सुखात आहे त्यानं माहिती न ठेवणं साहजिकच आहे. तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत.

निपाणीचा_मास्तर

साहजिक आहे, पण योग्य नाही. भूक लागली की हात पुढं जाणं साहजिक, म्हणून शेजाऱ्याच्या ताटातलं उचलायचं का? कारण समजलं म्हणून जबाबदारी उतरत नाही. त्यातून इथं नुकसान एकट्या त्यांचं नाही. सामायिक उतारा आहे. ज्यानं वाचलं नाही त्याच्यामुळं भावकीतल्या विधवा काकूचा हिस्साही अडकतो.

घटप्रभाकाठचा (गोकाक)

माझी मायबोली कन्नड, मराठी शाळासोबत्यांकडून आणि पुढं कोल्हापूरच्या नोकरीत शिकलो. लिहिताना चुका होतील, सांभाळून घ्या.

इथं नेहमी एक गोष्ट गृहीत धरली जाते, की कागद कन्नडमध्ये असल्यामुळं मराठी माणूस अंधारात राहतो आणि कन्नड माणसाला सगळं समजतं. तसं नाही. माझ्या वडिलांची दहावी कन्नडमध्ये झाली. भूसंपादनाची नोटीस वाचून ते मला विचारतात, यात आपली जमीन गेली की राहिली? ती भाषा कन्नड लिपीत असते, पण घरातलं कन्नड ते नव्हे. हिडकलच्या धरणात ज्यांची गावं गेली ते बहुतेक कन्नड बोलणारेच होते. त्यांनाही कागद कळला नव्हता.

म्हणून ताईंच्या प्रश्नाला मी असं उत्तर देईन. ज्याला कळत नाही आणि विचारायलाही कुणी नाही, त्याला माफी. ज्याला कळत नाही पण विचारता येतं, त्याला नाही. पुण्यातल्या कंपनीत काम करणाऱ्याला एखादा कन्नड सहकारी नसेल का? फोटो पुढं पाठवायचा, दोन ओळीत अर्थ विचारायचा.

वकिली_खानापूर

कायद्याची बाजू नीट मांडतो, कारण त्याशिवाय "कुणाची जबाबदारी किती" हे ठरवता येणार नाही.

महामार्ग कायद्यात अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावा आणि त्यातलं एक देशी भाषेतलं असावं, एवढंच आहे. मराठीत द्याच, असं कुठं नाही. म्हणजे येळ्ळूरच्या किंवा खानापूरच्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत कळवलं नाही तरी अधिसूचना कायद्यानं पक्की. दुसऱ्या बाजूला, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षणं ठरली, त्यांत जिल्ह्यात किंवा तालुक्यात ज्यांची लोकसंख्या १५ टक्क्यांहून जास्त आहे त्यांच्या भाषेत महत्त्वाचे नियम आणि सूचना प्रसिद्ध कराव्यात असं आहे. राज्यघटनेच्या ३५०बी कलमाखाली त्यासाठी आयुक्त नेमलेला असतो. त्याचं विभागीय कार्यालय पूर्वी बेळगावात होतं. या संरक्षणांवर कोर्टात बोट ठेवून आदेश मिळवणं कठीण, पण मागणी करायला आधार म्हणून ती आहेत.

माहिती अधिकाराचंही तसंच. २००५ च्या कायद्याच्या ६व्या कलमात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा आहे. इथं ती कन्नड. पण त्याच कलमात हेही आहे की ज्याला लिहिता येत नाही त्यानं तोंडी सांगितलं तर माहिती अधिकाऱ्यानं ते लिहून घ्यायला मदत केली पाहिजे. ही सोय वापरणारे मी फार थोडे पाहिले. आणि जे पाहिले त्यांत शिकलेला कुणी नव्हता, सगळे कष्टकरी.

तेव्हा सरकारचा दोष आहेच, तो मोठा आहे, आणि तो वारंवार बोलून दाखवला पाहिजे. पण सरकारचा दोष दाखवून ज्याला इंग्रजी येतं तो सुटत नाही. राजपत्रातली अधिसूचना इंग्रजीत असते, नेटवर मिळते. ताईंच्या दिरांना ती आजींपेक्षा शंभरपट सोपी होती.

आशाकार्यकर्ती_खा (खानापूर तालुका)

मी आशा म्हणून काम करते, जंगलपट्ट्यातली गावं आहेत माझ्याकडं. वकीलसाहेबांनी कलमं सांगितली, मी बायकांचं सांगते.

आमच्या भागात माहिती कशी फिरते ते शहरातल्यांना ठाऊक नसतं. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत बाया जमतात. एकीच्या पिशवीत कागद असतो. "बाई, ह्यात काय लिवलंय बघ की." मी वाचते. मग दुसरी म्हणते, आमच्या घरीबी आसाच आलाय. असं करत करत स्त्रीशक्ती संघाच्या बैठकीपर्यंत तो विषय जातो. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार कुणाचे अडकले, का अडकले, आधारचं नाव आणि रेशनकार्डाचं नाव जुळत नाही की काय, हे सगळं बायकांना मोबाईलवाल्या पोरांपेक्षा आधी कळतं. २०२३ च्या जूनमध्ये बायकांना बस मोफत झाली तेव्हापासून तर तालुक्याच्या कचेरीत स्वतः जाऊन विचारणाऱ्या बाया वाढल्यात. आधी तिकिटाला पैसे मागायला नवऱ्यापुढं हात पसरावा लागायचा, म्हणून जायच्याच नाहीत. यात वळण कुठं आलं? जायची सोय झाली तशा त्या गेल्या.

कणकुंबीकडच्या बायकांना विचारा म्हादई नदीच्या पाण्याचं. १४ ऑगस्ट २०१८ ला लवादाचा निकाल आला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, त्यातलं ३.९ टीएमसी मलप्रभेत वळवायला. टीएमसी म्हणजे काय (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी) ते समजावून घेतलंय त्यांनी, कारण कालवा त्यांच्या दारातनं खणलाय. आता बेळगावात टिळकवाडीत एखाद्या बंगल्यात विचारा, तुमच्या नळाला पाणी कुठनं येतं? राकसकोपचं नाव निघेल, हिडकलचं काही जणांना ठाऊक असेल. त्या पाण्यासाठी कुणाचं रान गेलं, ते कुणी सांगणार नाही. नळ सोडला की पाणी येतं, म्हणून प्रश्नच पडत नाही.

दूरचे बेळगावकर दादा, तुमच्या घरातल्या भीतीचं वाचून वाईट वाटलं. खरंच. पण दादा, भीती सगळ्यांनाच असते. आमच्या बाया साहेबापुढं उभ्या राहिल्या की पाय कापतात त्यांचे. तरी चौघी मिळून जातात. तुम्ही एकटे कशाला वाचत बसता? चौघांनी मिळून वाचा.

शहापूर_गल्ली

मी आंदोलनवाल्या घरातला. वडील महाराष्ट्र एकीकरण समितीचे कार्यकर्ते. आमच्याकडं उलटं वळण होतं, म्हणून वेगळं सांगतो.

आमच्या घरात माहितीचा तोटा कधीच नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ ला काय झालं, महाजन आयोगानं १९६७ साली कोणती २६४ गावं महाराष्ट्राला द्यायला सांगितली, महाराष्ट्राचा दावा ८१४ गावांवर कसा, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात काय पडून आहे, हे मला शाळेत असताना येत होतं. सकाळी पेपर आल्याशिवाय चहा होत नसे. तरुण भारत वाचून झाल्यावर वडील मोठ्यानं चर्चा करत, गल्लीतली माणसं येऊन बसत.

पण त्याच घरात आपल्या वॉर्डाचं पाणी, कचरा, मालमत्ता कराची फेररचना, शाळेतला शिक्षकांचा तुटवडा याबद्दल कुणाला फार ठाऊक नसायचं. "आधी सीमाप्रश्न सुटू दे, मग बाकीचं." हलगा-मच्छे बायपासवरून शेतकरी इतकी वर्षं भांडत आले, पिकातून जेसीबी गेले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या कितीतरी सुशिक्षितांना तो कुठून कुठं जातो ते सांगता येत नव्हतं. आणि ते रान आपल्याच माणसांचं, आपल्याच भाषेतलं, डोळ्यांसमोर दिसणारं. भात काढला की त्याच ओलीवर मसूर घेणारी जमीन दुसरीकडं कुठं मिळणार?

तेव्हा वळण असणं म्हणजे माणूस सगळीकडं जागा आहे असं नाही. घर एक खिडकी उघडून देतं, उरलेल्या आपल्याला उघडाव्या लागतात. कन्नड वाचायला शिकण्याचंही तसंच. आमच्याकडं ती शिकणं म्हणजे हार मानणं, असं धरलं जायचं. सक्तीला विरोध मी आजही करतो, उद्याही करीन. पण माझ्या जमिनीचा उतारा मला वाचता येऊ नये, यात कुणाचा विजय आहे?

कडोलीची 

शहापूर गल्ली, तुमचं शेवटचं वाक्य पटलं, पण ते धोक्याचंही आहे. उद्या कुणी म्हणेल, "मग शिका कन्नड, कशाला मराठीत कागद मागता?" मराठीत परिपत्रकं मागणं आणि कन्नड वाचायला शिकणं, दोन्ही एकाच वेळी चालू शकतं हे स्पष्ट लिहायला हवं.

शहापूर_गल्ली

हो, दोन्ही. मागणी सोडायची नाही. मागणी पूर्ण होईपर्यंत अडाणी मात्र राहायचं नाही.

दूरचा_बेळगावकर (पुणे)

सगळ्यांचं वाचलं. आशाताईंचं दोनदा वाचलं.

एक मुद्दा मात्र अजून सोडवत नाही. तुम्ही सगळे माहिती ठेवणं हा जणू चारित्र्याचा भाग धरताय. माझ्या आईचं उदाहरण घ्या. तिनं आयुष्यभर घर सांभाळलं, मतदानाला वडील सांगतील तिथं शिक्का, नंतर बटण. घरात पैसा होता, नोकरचाकर होते, म्हणजे तुमच्या व्याख्येनं ती सवलतवाली. पण तिला घराबाहेर पाऊल टाकायला परवानगी लागायची. तिला दोष द्यायचा का?

शिवारातली (बेळगाव तालुका)

नाही, आईंना दोष द्यायचा नाही. आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून माझं म्हणणं मलाच जास्त नीट मांडता येतंय.

घरात पैसा असणं वेगळं आणि स्वतःच्या हातात मोकळीक असणं वेगळं. तुमच्या आईंकडं पहिलं होतं, दुसरं नव्हतं. बिडी वळणाऱ्या बायकांकडं पहिलं नव्हतं, दुसरं त्यांनी भांडून मिळवलं. माझ्या दिरांकडं दोन्ही आहे, कुणाशी न भांडता. मी ज्यांना जबाबदार धरते ते हे. लहानपणी काय मिळालं आणि काय नाही, हे आपल्या हातात नसतं. चाळिशी गाठलेल्या, स्वतःचे निर्णय स्वतः घेणाऱ्या माणसाच्या हातात आज काय आहे, ते मी बघणार. हाच माणूस शेअर बाजाराचं रोज वाचतो, परदेशातल्या नोकऱ्यांचे नियम वाचतो, मुलाच्या प्रवेशासाठी शंभर पानी माहितीपुस्तिका पाठ करतो. म्हणजे वाचायची सवय नाही असं नाही. कागदाची भीती म्हणावी तर गृहकर्जाचे कागद वाचताना ती दिसली नाही. जिथं स्वतःचा फायदा दिसतो तिथं वळण आड येत नाही. जिथं दुसऱ्याचं नुकसान असतं तिथंच ते आठवतं.

मी सरकारी मराठी शाळेत शिकवते. माझ्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं आहेत, गवंड्यांची आहेत. यांना आम्ही पाचवीत पंचायत शिकवतो. ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी झाली पाहिजे हे शिकवतो. एकदा एका मुलीनं घरी जाऊन विचारलं, आपल्या गावात ग्रामसभा कधी झाली? वडिलांना ठाऊक नव्हतं. ते पीडीओकडं (पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याकडं) विचारायला गेले. तिथं काय झालं ते इथं लिहीत नाही, पण वडील गेले. पोरीनं विचारलं म्हणून गेले. वळण फक्त वरून खाली येतं असं कुणी सांगितलं?

दूरच्या बेळगावकरांच्या आजोबांबद्दल मला अतिशय आदर आहे. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, कोर्टाचे खेटे घातले, त्यांनी मुलांना दूर ठेवलं यात चूक नाही. पण त्यांनी हे केलं ते मुलांना सुरक्षित जागी पोचवायला. ज्यांना पोचवलं ते आता सुरक्षित आहेत. पुण्यात बसून २१ दिवसांच्या आत एक अर्ज स्पीड पोस्टानं पाठवला तर कुणी लाठी मारणार नाही. गावात राहणाऱ्याला पाटलाचा, पुढाऱ्याचा, कंत्राटदाराच्या माणसांचा धाक असतो. बाहेर असलेल्याला नसतो. म्हणून मला वाटतं, जो लांब आणि सुखरूप आहे त्यानं जास्त वाचलं पाहिजे, जास्त लिहिलं पाहिजे, आमच्या वतीनंही. "तुम्ही गावात असता, तुम्ही बघा" हे उलटं झालं.

आजींनी काय मिळवलं, याचंही उत्तर देते. त्यांची विहीर कागदावर आली. झाडं आली. मोजणीला आलेल्या माणसानं आधी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं, नंतर नाव विचारून लिहिलं. आणि पुढच्या गल्लीतल्या दोघींनी त्यांना विचारून आपापल्या झाडांची नोंद करून घेतली. जमीन वाचली नाही, हे खरं. त्याचं दुःख मला त्यांच्याइतकंच आहे.

घटप्रभाकाठचा (गोकाक)

ताई, बोअरवेलचं अजून काही करता येईल का? आमच्याकडं एकाचं असंच राहिलं होतं.

वकिली_खानापूर

करता येईल, म्हणून लिहितो. हे दिरांनाही पाठवा.

३ए वर हरकतीचे २१ दिवस गेले म्हणजे सगळं संपलं असं नाही. ३डी ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडं जाते, ती परत मिळवणं अवघड. पण मोबदला ठरवण्याआधी ३जी खाली पुन्हा दोन वर्तमानपत्रांत जाहीर सूचना द्यावी लागते, आणि ज्यांचा हितसंबंध आहे अशा प्रत्येकाला स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर राहून आपलं म्हणणं मांडता येतं. बोअरवेल, पाइपलाइन, मोटार, बांधावरची झाडं यांचा दावा तिथं घालायचा. २०१५ पासून महामार्गासाठीचा मोबदलाही २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाप्रमाणे काढला जातो. बाजारभाव, ग्रामीण भागासाठीचा गुणक, जमिनीला जोडलेल्या मालमत्तेची किंमत, आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. बोअरवेल नोंदली नाही तर तिची किंमत जाते आणि तिच्यावरचे तेवढेच पैसेही जातात. ठरलेली रक्कम मान्य नसेल तर लवादाकडं जायचं.

कागद काय लागतील: चालू सालचा उतारा, पीक नोंद, बोअरवेलचं वीज मीटर असल्यास बिलं, खोदाईची पावती, तारखेसह फोटो. उताऱ्यावर मयत माणसांची नावं असतील तर वारसा नोंद आधी करून घ्या. बहुतेकांचं तिथंच अडतं. दीर येऊ शकत नसतील तर भावकीतल्या एकाच्या नावे मुखत्यारपत्र करून देतील का, ते विचारा.

शिवारातली (बेळगाव तालुका)

बोअर मारली तेव्हाची पावती सासूबाईंच्या ट्रंकेत सापडली. वीज बिलं आहेत. वारसा नोंद दोघांची राहिलीय, ती या आठवड्यात घालते. वकीलसाहेबांचा हा प्रतिसाद जसाच्या तसा ग्रुपवर टाकलाय आणि दिरांना वेगळा फोनही केला. मुखत्यारपत्र नको, ३जी ची सूचना निघाली की तुम्ही स्वतः या, असं सांगितलंय. "बघतो" म्हणालेत.

आशाकार्यकर्ती_खा (खानापूर तालुका)

वकीलसाहेब, तो कागदांचा भाग मी वहीत उतरवून घेतलाय. येत्या बैठकीत वाचून दाखवणार आहे. वारसा नोंदीला फॉर्म कुठला लागतो आणि तो नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कचेरीत) द्यायचा की तालुक्याला, एवढं सांगा.